दोन पावलं बाजूला

"तुम्ही काय पाहिलंत?" आम्हाला रेफरीचं काम शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं. मी म्हणालो, पाडलं त्याने त्याला, फाउल आहे. "ते तुम्ही ठरवलंत," बाई म्हणाल्या, "मी विचारलं, पाहिलंत काय." आता चोपन्नाव्या वर्षी भर उन्हात, गुडघे बोलत असताना, अर्धी चड्डी घालून उभ्या असलेल्या माणसाला कुणी असं विचारलं तर त्याचं डोकं फिरणारच. माझं फिरलं. मी म्हणालो, बाई, दोन आणि दोन चार व्हायला किती वेळ लागतो? दोघे धावत आले, एक पडला, म्हणजे दुसऱ्याने पाडला. बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी माझा खांदा धरला आणि मला आधी जिथे उभा होतो बरोब्बर तिथे नेऊन उभं केलं. ते दोघे माझ्यासारखेच शिकाऊ रेफरी होते, एक हिशेबनीस आणि एक औषधाच्या दुकानातला. त्यांना त्यांनी तीच धाव पुन्हा सावकाश धावायला लावली. मला दिसली ती हिशेबनिसाची रुंद पाठ, पिवळ्या बंडीतली, आणि खाली दोन टाचा. चेंडू दिसला नाही. दुसऱ्याचा पाय दिसला नाही. मग बाईंनी मला डावीकडे दोन पावलं ओढलं आणि म्हणाल्या, आता बघा. दोघांच्या मधली फट उघडली. चेंडू दिसला, बुटाचं टोक दिसलं, हिशेबनिसाने आधी चेंडूला पाय लावला हे दिसलं, आणि औषधवाला त्यानंतर आपल्याच पायात अडखळून पडला हेही दिसलं. "दोन पावलं. एवढंच असतं," बाई म्हणाल्या. बाकीचे हसले, मीही हसलो. पण माझ्या नाकात एकाएकी छापखान्यातल्या खळीचा आंबूस वास आला आणि डोळ्यांपुढे दुसरीच एक पाठ आली, निळ्या डगल्यातली, यंत्रावर वाकलेली.

या वयात हे खूळ माझ्या डोक्यात आपणहून शिरलं नव्हतं. चाळिशी उलटलेल्या लोकांचे रविवार सकाळचे सामने होतात, हौशी मंडळी, निम्म्यांची पोटं चेंडूच्या आधी गोलात पोचतात. कारखाने, कचेऱ्या, दुकानं यांचे संघ. रेफरी मिळत नाहीत म्हणून यंदा नियम निघाला की प्रत्येक ठिकाणाने आपला एक माणूस शिकायला पाठवायचा. आमच्या छापखान्यात विषय निघाला आणि सगळ्यांनी एका तोंडाने माझं नाव घेतलं. एकजण म्हणाला, "यांच्याइतका निःपक्षपाती माणूस सापडायचा नाही. सख्ख्या मेहुण्याला सोडलं नाही यांनी." हे वाक्य मी नऊ वर्षं ऐकतोय. मॅनेजर पाहुण्यांशी ओळख करून देताना म्हणतो, नवीन लागलेल्यांना जुने सांगतात. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. दर वेळी मी मान खाली घालून, अहो त्यात काय, कर्तव्य ते कर्तव्य, असं पुटपुटायचो आणि दिवसभर ताठ चालायचो. बायकोपुढे मात्र हे वाक्य कुणी उच्चारू नये म्हणून छापखान्यातल्या कुठल्याही समारंभाला मी तिला नेलं नाही.

बाई पूर्वी शाळेत खेळ शिकवायच्या. साठी उलटलेली, केस पोरासारखे कापलेले, आवाज असा की शिट्टीची गरज पडू नये. वर्ग त्याच शाळेतल्या एका खोलीत भरायचा आणि आम्ही आठ बापे लहान मुलांच्या बाकांत गुडघे कोंबून बसायचो. पहिल्याच दिवशी मी शिट्टी ओठांत धरून मैदानात उतरलो तर त्यांनी ती काढायला लावली. शिट्टी हातात ठेवायची, दोरी मनगटाला गुंडाळून. तोंडात असली की डोळ्यांनी काय पाहिलं ते डोक्याला कळायच्या आत फुंकली जाते. हातातून तोंडापर्यंत न्यायला जो वेळ लागतो तेवढाच रेफरीला विचार करायला मिळतो. मला हे पटलं नाही. मी म्हणालो, माझं डोकं तोंडाइतकंच जलद चालतं. त्या म्हणाल्या, तीच तर भीती आहे. घरी मी न्हाणीघरात दार लावून शिट्टीचा सराव करायचो. शेजारच्यांनी दोनदा विचारलं, तुमच्याकडे कुकर बिघडलाय का. बायको दाराबाहेरून जाताना क्षणभर थांबायची, काही न बोलता पुढे जायची. आमच्या घरात न बोलण्याचं वळण जुनं आहे, पण ते कुठल्या दिवसापासूनचं आहे हे आम्हा दोघांनाही तोंडपाठ आहे.

छापखान्यातलं कागद कापायचं यंत्र ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगतो. त्याचं पातं हातभर लांब असतं आणि ते खाली आणायला दोन बटणं एकाच वेळी दाबावी लागतात, डाव्या हाताने एक, उजव्या हाताने एक. म्हणजे पातं खाली येताना दोन्ही हात बाहेर. ज्याने ही युक्ती काढली त्याचं भलं होवो. पण घाईच्या दिवसांत कामगार एक बटण सुतळीने करकचून बांधून ठेवतात, की मग एका हाताने पातं चालतं आणि दुसऱ्या हाताने कागद सरकवता येतो. दुप्पट काम होतं. सगळे बांधायचे. तरुणपणी मीही बांधलं आहे. सुपरवायझर झाल्यावर मी ते पाहायचो आणि माल वेळेवर जायचा असला की दुसरीकडे बघायचो. त्या वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधीची पाठ्यपुस्तकं होती, श्वास घ्यायला फुरसत नव्हती. कापायच्या यंत्रावर दोघे होते, एक जुना कटर आणि एक माझा मेहुणा. त्याला मीच चिकटवला होता, बायकोचा धाकटा भाऊ, कामाला चोख, बोलायला कमी. त्या सकाळी मी पलीकडच्या टोकाकडून येत होतो आणि तो मला यंत्रावर वाकलेला दिसला. हात दिसत नव्हते, कोपर हलत होतं, आणि पायाशी सुतळीचं एक टोक लोंबत होतं. मी मनात म्हटलं, बांधतोय. आणि पुढे गेलो. दुपारी जुना कटर यंत्रावर असताना बांधणी खात्यातली एक बाई पलीकडून गठ्ठा पुढे ढकलत होती. त्याचा एक हात बटणावर पडला आणि पातं खाली आलं. तिच्या दोन बोटांची टोकं गेली. ती ओरडली नाही, हात पदरात गुंडाळून खाली बसली, आणि पुस्तकांच्या वरच्या चळतीवर जे उडालं होतं ते आमच्यातल्या कुणी कितीतरी वेळ पुसलं नाही.

चौकशी झाली. बटण बांधलं कुणी, एवढाच प्रश्न होता, कारण बांधणाऱ्याची नोकरी जाणार होती, आणि बांधणारा सापडला नाही तर ते चालू देणाऱ्या सुपरवायझरची, म्हणजे माझी, जाणार होती. जुना कटर म्हणाला, मी आलो तेव्हा बांधलेलंच होतं, नेहमीसारखं. मेहुणा म्हणाला, मी सकाळी ते सोडत होतो, गाठ बसली होती, निम्मी सुटली तेवढ्यात दाजींनी हाक मारली की गाडी लागली आहे, माल चढव, म्हणून गेलो. चौकशीवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्ही पाहिलंत? मी म्हणालो, "पाहिलं. बांधत होता." शिट्टी तोंडातच होती. मेहुणा काही भांडला नाही. त्याने दोन्ही हात छातीसमोर उघडे धरले, तळवे माझ्याकडे करून, जणू त्यांत काही नाही हे दाखवायचं होतं, आणि खाली सोडले. हाक मी मारली होती का? मारली होती. गाडी लागली होती, हमाल कमी होते, दिवसभर मी कुणाकुणाला हाका मारतच होतो. ती हाक आठवायला मला पुढे बरेच महिने लागले, आणि आठवली तेव्हा त्याच्या जागी दुसरा माणूस कामाला लागला होता. मग कशाला उकरायचं, असं मी स्वतःला म्हटलं. त्या संध्याकाळी बायकोने एकच विचारलं होतं, तुम्हाला खात्री आहे ना? मी हो म्हणालो. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. भावाकडे ती एकटी जाते. त्याचा फोन आला की उठून आतल्या खोलीत जाते आणि दार लोटून घेते. नऊ वर्षं मी त्या दाराकडे बघत जेवलो आहे.

परीक्षेत मला वीसपैकी एकोणीस मिळाले. एक प्रश्न चुकला. रेफरीला आपण दिलेला निर्णय बदलता येतो का? मी ठोकून लिहिलं होतं, नाही, रेफरीचा शब्द अखेरचा. बाईंनी त्याच्यावर लाल फुली मारली. मी पेपर घेऊन त्यांच्या टेबलाशी गेलो आणि हुज्जत घातली. निर्णय बदलणारा रेफरी असतो कुठे? उद्या कुणीही यावं आणि बदला म्हणावं. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, खेळ पुन्हा सुरू झाला नसेल तोवर बदलता येतो. चूक कळली आणि चेंडू अजून थांबलेला आहे, तर बदलायचा, लाज वाटली तरी बदलायचा. एकदा खेळ सुरू झाला की मग मात्र नाही, मग ती चूक तुमच्याबरोबर घरी येते. हे त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, त्यांना पुढचे पेपर तपासायचे होते. मी बाकावर येऊन बसलो. नऊ वर्षांपूर्वी ज्या दिवशी त्याच्या जागी दुसरा माणूस लागला, त्याच दिवशी खेळ पुन्हा सुरू झाला असेल का, असा विचार माझ्या डोक्यात आला आणि मी स्वतःवरच चिडलो, की फुटबॉल शिकायला आलोय का कीर्तन ऐकायला.

पहिल्या सामन्याची यादी हातात आली तेव्हा एका बाजूला बँकवाले होते आणि दुसऱ्या बाजूला टायरवाल्यांचा संघ. पाचव्या ओळीत मेहुण्याचं नाव होतं. छापखान्यानंतर तो टायरच्या दुकानात लागला हे मला ठाऊक होतं, खेळतो हे नव्हतं. यादीच्या खाली एक रकाना होता, खेळाडूंपैकी कुणी नातेवाईक आहे का. आहे असं लिहिलं असतं तर बाईंनी दुसरा सामना दिला असता, गोष्ट संपली असती. मी रकाना कोरा ठेवला. का ठेवला ते मला आज सांगता येईल. मला त्याच्यासमोर एकदा नीट वागायचं होतं. सगळ्यांसमोर, शिट्टी हातात धरून. माफी मागण्यापेक्षा ते सोपं वाटलं. शनिवारी जेवताना मी बायकोला म्हणालो, उद्या त्याचा सामना माझ्याकडे आहे. ती वाढता वाढता थांबली. कुणाचा, असं तिने विचारलं नाही.

"या वेळी नीट बघा," ती म्हणाली.

मैदानावर तो मला दिसला आणि मी आधी ओळखलंच नाही. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं, बचावाच्या फळीत उभा. मी नाणं उडवायला मधे गेलो तेव्हा त्याने लांबून मान हलवली, परक्या माणसाला हलवावी तशी. पहिला अर्धा तास मी असा धावलो की विचारू नका. प्रत्येक वेळी बाजूला सरकत होतो, फट शोधत होतो, शिट्टी हातात घट्ट होती. दोनदा फाउल बरोबर दिले, एकदा तर त्याच्याच विरुद्ध, आणि त्याने चेंडू ठेवून दिला. मला बरं वाटलं. मनात आलं, बघतोय ना तो, मी कसा बघतोय ते. मग दुसऱ्या अर्ध्यात दम गेला. एक एक गोल झाला होता, घड्याळात चार मिनिटं उरली होती, छाती भात्यासारखी चालत होती, आणि बँकवाल्यांचा एक उंच माणूस चेंडू घेऊन थेट गोलाकडे निघाला. मी मागून धावलो, सरळ मागून, बाजूला सरकायचं त्राण नव्हतं. मेहुणा त्याला आडवा गेला. मला दिसली निळ्या सदऱ्यातली पाठ, वाकलेली, आणि एक कोपर. उंच माणूस कोसळला. शिट्टी वाजली. ती हातातून तोंडात कधी गेली मला माहीत नाही. मी हात लांब करून पेनल्टीच्या ठिपक्याकडे दाखवत होतो.

टायरवाल्यांनी गलका केला, बँकवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मेहुणा वळला. तो ओरडला नाही. त्याने दोन्ही हात छातीसमोर उघडे धरले, तळवे माझ्याकडे, आणि हळूच विचारलं, "कुठून पाहिलंत, दाजी?" नऊ वर्षांत माझ्याशी बोललेलं हे त्याचं पहिलं वाक्य. बँकवाल्यांच्या एकाने चेंडू ठिपक्यावर ठेवला, दोन पावलं मागे गेला आणि माझ्या शिट्टीची वाट पाहू लागला. चेंडू थांबलेला होता. मला एवढंच करायचं होतं, की फुंकायचं. फुंकलं असतं तर सगळे म्हणाले असते, बघा, पुन्हा मेहुण्याला सोडलं नाही. मला ते वाक्य ऐकूसुद्धा आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याची शिसारी आली. मी ठिपक्याकडे गेलो आणि चेंडू उचलला. म्हणालो, "मी पाहिलेलं नाही. मी मागे होतो, मला पाठ दिसली. पेनल्टी नाही." आवाज फाटला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. बँकवाल्यांनी मला जे जे म्हटलं ते मला मान्य आहे. त्यांचा कप्तान म्हणाला, चष्मा लावा, नाहीतर घरी बसा. एकाला कुठून तरी नातं ठाऊक होतं, तो म्हणाला, साला आहे ना त्याचा. रकाना मी कोरा ठेवला होता, तेव्हा त्याला उलट बोलायला मला तोंड नव्हतं. मी चेंडू टायरवाल्यांच्या गोलकीपरसमोर जमिनीवर टाकला आणि खेळ सुरू केला. उरलेल्या चार मिनिटांत काही झालं नाही. सामना बरोबरीत सुटला.

बाई कडेला उभ्या होत्या. त्या माझ्याकडे आल्या, रकाना कोरा का ते विचारलं, मी खरं सांगितलं, आणि त्यांनी यापुढे दोन महिने सामना मिळणार नाही असं सांगितलं. ते योग्यच होतं. मी सामान भरत होतो तेव्हा मेहुणा आला. अंगातून वाफा निघत होत्या, गुडघ्याला माती होती. शेजारी बसला, बाटलीतलं पाणी अर्धं पिऊन बाटली माझ्यापुढे धरली. मी घेतली. आता तो काहीतरी बरं बोलेल अशी मला आशा वाटली, माणूस किती निर्लज्ज असतो बघा. तो मैदानाकडे बघत म्हणाला, "आज लागला होता, दाजी. माझा पाय त्याला लागला होता. पेनल्टी बरोबर होती." तो उठला, पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाला, "त्या दिवशी मात्र मी सोडत होतो."

मी त्याला काय म्हणणार होतो? मला माहीत आहे, असंही म्हणता येत नव्हतं, कारण मला माहीत नव्हतं, मी पाहिलंच नव्हतं. आज अंदाजाने दिलेला निर्णय खरा निघाला आणि मी तो मागे घेतला. त्या दिवशी अंदाजानेच दिलेला त्याच्या म्हणण्यावरून खोटा होता आणि तो मी नऊ वर्षं मिरवला. मी म्हणालो, मी पाहिलं नव्हतं रे, मागून येत होतो, आणि हाक मारली होती मी. चौकशीतही मला ती आठवायला हवी होती. तो म्हणाला, हो. म्हणाला, एवढं ताईला सांगा. आणि निघाला. मी त्याला थांबवलं नाही. नोकरी, छापखान्यातली त्याची जागा, त्याच्या पोरीच्या लग्नात मी न जाणं, यातलं काय मी त्या पाण्याच्या बाटलीत घालून परत देणार होतो. बाटली मात्र माझ्याकडेच राहिली.

चालत घरी आलो. पाय सुजले होते. वाटेत चार वेळा वाक्य जुळवलं आणि चार वेळा मोडलं, प्रत्येक वेळी त्यात घाईचे दिवस यायचे, पाठ्यपुस्तकं यायची, सुपरवायझरची जबाबदारी यायची. दार बायकोने उघडलं. कोण जिंकलं हे तिने विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे बघून ती बाजूला झाली आणि म्हणाली, "नीट पाहिलंत?"

"नाही," मी म्हणालो. "आजही नाही आणि तेव्हाही नाही. मला त्याची पाठ दिसली होती. बांधतोय का सोडतोय ते मला दिसलंच नव्हतं. आणि त्याला हाक मीच मारली होती."

मला वाटलं ती रडेल, ओरडेल, निदान हातातलं फडकं तरी फेकेल. तिने फडकं नीट घडी करून टेबलावर ठेवलं, फोन उचलला आणि तिथेच, माझ्यासमोर, आतल्या खोलीत न जाता भावाला लावला. "हो, आलेत," ती म्हणाली. "सांगितलं." मग बराच वेळ ती फक्त ऐकत होती. मग म्हणाली, "नऊ वर्षं लागली रे." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर मला सोसला असता. मी तिच्याकडे पाठ करून उंबऱ्याशी बसलो आणि बुटांवर वाकलो. नाड्या ओल्या झाल्या होत्या, गाठ बसली होती, बोटांना सापडत नव्हती. कोपर हलत होतं. मागून बघणाऱ्याला सांगता आलं नसतं की मी बांधतोय की सोडतोय.